हार घातलेली बरणी

मॅडम गेल्यावर त्यांची खुर्ची आम्ही हलवली नाही, पण तिच्याकडे बघायचंही टाळत होतो. बघायचो ते बरणीकडे. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात काळ्या कागदात गुंडाळलेली एक मोठी काचेची बरणी होती. आत काळाशार गाळ, म्हणजे सांडपाण्यातली घाण खाऊन गॅस सोडणारे जिवाणू. झाकणातून निघालेली नळी शेजारच्या पाण्याच्या बाटलीत बुडवलेली. गाळ जिवंत आहे तोवर त्या बाटलीत बुडबुडा यायचा, गुडुप. थोडं थांबून पुन्हा गुडुप. मॅडमची अख्खी नोकरी त्या आवाजाच्या सोबतीनं गेली होती.

हर्सूलच्या एका गोठ्यातलं शेण आणि तलावाकाठचा चिखल घेऊन त्यांनी तो गाळ वाढवला होता. त्याला त्या विरजण म्हणत. एखाद्या कारखान्याला टाकीसाठी हवं असलं की कॅन भरून देत, पण दिवस मावळल्यावर नाही. तिन्हीसांजेला घरातून विरजण देत नाहीत, तसंच. एवढ्या शिकलेल्या बाई आणि हे काय, म्हणून आम्ही त्यांना चिडवायचो. विज्ञान विज्ञानाच्या जागी, विरजण विरजणाच्या जागी, असं म्हणून त्या चष्मा पुसायला घेत.

मॅडम पावसाळ्यात गेल्या आणि हिवाळ्यात पुरस्कार आला. पर्यावरण अभियांत्रिकी आणि जैवतंत्रज्ञानातल्या संशोधकांचा गौरव. मी अभियांत्रिकीची, माझा सहकारी जैवतंत्रज्ञानाचा, लासूर स्टेशनचा. आम्हा दोघांची नावं होती. मॅडमचं नव्हतं, कारण गौरव फक्त हयात संशोधकांचा होतो, असं आम्हाला अतिशय नम्रपणे कळवण्यात आलं. मला संताप आला. नम्र माणसांवर तर मी जरा जास्तच चिडते. मॅडमचं म्हणून हयात असं आता ते विरजणच तेवढं उरलं होतं.

सत्काराआधी समिती प्रयोगशाळा बघणार होती. मग काय, अख्खं कॉलेज घासूनपुसून काढायचं ठरलं. कुठंही वास येता कामा नये, असा हुकूम निघाला. बरणी ऊबदार ठेवायची लाकडी पेटीसुद्धा रंगवायला बाहेर नेली. आदल्या दिवशी आम्हा दोघांना मंचावर कुठून चढायचं आणि कुठं बसायचं हे शिकवायला सभागृहात बोलावलं. परत आलो तर प्रयोगशाळेत फिनेलचा वास आणि खिडकीतल्या उन्हात बरणी लख्ख चमकत होती. काळा कागद काढून, गाळ मोरीत ओतून, बरणी ब्लीचिंग पावडरनं घासून, तिच्यात स्वच्छ पाणी भरलं होतं. नळी होती तशी परत लावली होती. वर झेंडूचा हार घातला होता. कुणी वाईट हेतूनं केलेलं नव्हतं. पाहुणे येणार, तर दिसायला छान दिसावं, एवढंच. मला मात्र ती बरणी मेलेल्या माणसाच्या फोटोसारखी दिसली.

तेवढ्यात बाटलीत बुडबुडा आला. गुडुप.

बरणीत नुसतं नळाचं पाणी. थोडं थांबून पुन्हा गुडुप, अगदी पूर्वीच्याच लयीत.

"हवा है बस," सहकारी म्हणाला. "धूप में गरम हो के फूल रही." बरोबरच होतं त्याचं. तरी बोलताना त्यानं आवाज उतरवला होता, आणि मीही हार काढला तो मागच्या मागं सरकत.

मॅडमनी पूर्वी चितेगावच्या एका स्टार्चच्या कारखान्याला विरजण दिलं होतं. कारखाना कधीच बंद पडलेला. तिथं काही उरलं असेल अशी आशा नव्हती, पण दुसरं ठिकाण सुचत नव्हतं. कॅन घेऊन पैठण रोडनं निघालो. पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. म्हाताऱ्या वॉचमननं आम्ही कोण ते विचारलंच नाही. सरळ टाकीकडे घेऊन निघाला.

"कारखाना बंद होऊन लई दिवस झाले, बाई. हितं कोणी येत नाय," तो म्हणाला. "पण टाकी बोलत असती. म्या तिकडं जेवाया बसत नाय."

टाकीवरचं पत्र्याचं झाकण सरकवलं. खाली काळं, दाट, हळूहळू वर येणारं काहीतरी. पृष्ठभागावर एक फुगा आला आणि फुटला. मॅडमच्या पदराला यायचा तोच वास. इतके दिवस कुणी अन्न घातलेलं नसताना हे जगलं कशावर, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मॅडमनीच शिकवलं होतं. उपाशी राहिलं की ते आधी निजतं, मग आपल्यातल्या मेलेल्यांना खाऊन जगतं.

मी वाकून आत बघत बसले होते. वॉचमननं कॅन माझ्या हातात दिला.

"दिवस मावळायच्या आत भरा. तुमच्या मॅडमनी सांगून ठिवलंय. विरजण घातलं तवाच म्हनल्या व्हत्या, कवातरी माझी मान्सं ह्ये मागं न्यायला येतील."

सूर्य बुडायच्या आत आम्ही कॅन भरून घेतला. परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही मागं वळून कॅनकडे बघितलं नाही.

सकाळी समिती आली तेव्हा बरणी पुन्हा काळी झाली होती, खोलीत वास होता, आणि बाटली गप्प होती. रात्रभर गप्पच होती. पेटी नाही, थंडी कडाक्याची. एका वयस्कर सदस्यांनी बरणीला कान लावला आणि विचारलं, हे जिवंत आहे का? सांगता येत नाही, असं मी खरं तेच सांगितलं. ते हसले आणि सगळे सभागृहाकडे निघाले.

मंचावर माझ्या खांद्यावर शाल आली. मॅडमचं काम यांनी पुढं जिवंत ठेवलं, असं कुणीतरी माइकवर म्हणालं. टाळ्या वाजल्या. मला ती शाल नको होती, मला मॅडम हव्या होत्या. आणि टाळ्या चालू असताना टाकीतला तो काळा फुगा डोळ्यांसमोरून हलेना. त्या गेल्या, आणि त्यांच्यावर जगत आम्ही दोघं इथं ऊब घेत उभे.

जेवणाला थांबलो नाही. प्रयोगशाळेत आल्यावर मी शाल काढून बरणीभोवती गुंडाळली, थंडीत विरजणाच्या भांड्याला गुंडाळतात तशी. सहकाऱ्यानं त्याचीही वरून गुंडाळली. बोटं लावली तर काच गारठलेली. आम्ही खाली फरशीवर बसून राहिलो. बाहेर आभाळ भरून आलेलं, खिडकीत दुपार असून अंधारल्यासारखं.

मग बाटलीतलं पाणी हललं. गुडुप.

थोडं थांबून पुन्हा.

सहकाऱ्यानं खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आज धूप नहीं है," तो म्हणाला.