नमुन्याचा गाल

वहिनीसाहेबांचं बोट माझ्या उजव्या गालावरच्या खड्ड्यात गेलं. बाजारात भेंडी मोडून बघावी तशी त्यांनी नखानं कड चाचपली. मग शेजारणीला म्हणाल्या, "बघा की, मुगाचा दाणा बसंल ह्यात."

बायका हसल्या. मी खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते. शिरूरला साखर कारखान्याच्या चेअरमनच्या बंगल्यात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वहिनीसाहेब म्हणजे चेअरमनच्या मंडळी. दौंडच्या ज्या स्किन क्लिनिकमध्ये मी कामाला होते, तिथल्या डॉक्टर मॅडम नवीन इंजेक्शनची माहिती द्यायला आल्या होत्या. मला सोबत आणलं होतं ते नमुना म्हणून दाखवायला.

क्लिनिकात मी फरशी पुसायची, पेशंटची नावं पुकारायची, ट्रे लावून द्यायची. तोंडावर शाळेपासून मुरमांचे खड्डे. वर्गात मला चाळण म्हणायचे. पाटलाचं पोरगं म्हणायचं, "हिच्या तोंडातून पीठ चाळून घ्या." मास्तरही हसायचे. पुढं दौंडच्या रस्त्यानं मी ओढणी नाकाच्या वर ओढून चालायचे. मला माझं तोंड नकोसं झालं होतं. लपवत नाही, नकोसंच झालं होतं.

एक दिवस मॅडमनी मला टेबलावर झोपवलं. स्किन बूस्टर नावाचं औषध नवंच आलं होतं. कातडीत बारीक बारीक टोचून एक जेल सोडायचं. कातडी आतून ओल धरते, खड्डे उथळ होतात. "तुझं फुकट करते," म्हणाल्या. मला वाटलं, बाई मनानं मोठी आहे. डाव्या गालाला भूल देणारं मलम लावलं, टोचलं. काही आठवड्यांनी पुन्हा. डावा गाल खरंच भरून आला. उजव्याला त्यांनी हात लावला नाही.

"तो नंतर," म्हणाल्या.

नंतर काही आलंच नाही. मला काउंटरवर बसवलं. पेशंट आली की मॅडम माझी हनुवटी धरून मान वळवायच्या. आधीचा हा. नंतरचा हा. रोज. आरशात बघितलं की डोकं फिरायचं. आधी निदान सगळं तोंड एकसारखं होतं. पण मी गप्प राहायचे, कारण मला उजवा गाल बरा करून हवा होता. सगळ्यात जास्त तेच हवं होतं. मॅडमना ते चांगलं ठाऊक होतं.

संक्रांतीला त्या म्हणाल्या, "चल शिरूरला. आज तुझंही काम करून टाकू." मी ठेवणीतली साडी नेसले.

आणि आता वहिनीसाहेबांचं बोट माझ्या गालावर होतं. "आडनाव काय गं तुझं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. बोट मागं गेलं. त्या उठून आत गेल्या. नळ सोडल्याचा आवाज हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू आला.

मग त्यांची सून हळदीकुंकवाचं तबक घेऊन रांगेनं आली. मॅडमना लावलं. मला सोडून माझ्या पलीकडच्या बाईला लावलं. मी बौद्ध. आमच्या घरात कुंकू लावत नाहीत, मी लावून घेतलंही नसतं. पण नको म्हणायचा हक्क माझा होता. तोही त्या पोरीनं मला मिळू दिला नाही.

मॅडमनी सुई भरली आणि डाव्या गालावर कापूस फिरवला. मलम लावलं नव्हतं.

"मॅडम, उजवा," मी हळूच म्हणाले.

"तो बरा केला तर मग मी दाखवू काय?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. सगळा हॉल हसला. तबकवालीसुद्धा हसली.

मग माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "हस." आणि बायकांना म्हणाल्या, "बघा, अजिबात दुखत नाही."

सुई गेली. आग झाली. पुन्हा गेली. रक्त हनुवटीवरून साडीवर उतरलं. एकीनं कॅमेऱ्याचा मोबाइल माझ्या तोंडाजवळ आणला. सुई पुन्हा आली तेव्हा मी मॅडमचं मनगट धरलं.

"सोड."

"मला विचारलं होतं?"

त्यांनी दुसऱ्या हातानं माझ्या थोबाडीत मारली, टोचलेल्या गालावरच. "तुमच्या लोकांना जवळ केलं की डोक्यावर बसता!"

मी मनगट पिरगाळलं. होती नव्हती ती ताकद लावून पिरगाळलं. सुई पडली, ट्रे लाथेनं उडाला, आणि मॅडमच्या हिरव्या बांगड्या माझ्या मुठीत फुटल्या. काच तिच्या हातात घुसली, माझ्याही. मी सोडलं नाही.

तेव्हा बायका किंचाळल्या. "अगं बया! सवाष्णीच्या बांगड्या फोडल्या! हळदीकुंकवाला!" एक म्हातारी रडायला लागली. इतका वेळ माझ्या तोंडावरून रक्त वाहत होतं, तेव्हा एकीनंही ब्र काढला नव्हता. उलट वाकून बघत होत्या. मला त्या सगळ्यांची किळस आली.

मी मनगट सोडलं आणि तशीच चालत स्टँडवर आले. तोंड झाकलं नाही.

घरी आईनं बघितलं. काही विचारायच्या आधी पाणी तापवलं. सगळं ऐकून म्हणाली, "दुसऱ्या हाताच्या बांगड्या ऱ्हायल्या व्हय?"

आठवडाभरानं मॅडमचा निरोप आला. पोलिसांत जात नाही, माफी माग, परत ये, उजवा गालही करून देते. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मी रडले. हवाच होता मला तो गाल. सकाळी निरोप आणणारीला म्हणाले, "येत न्हाई म्हनून सांग. पोलिसांत जायचं तर जा म्हनावं."

ते जेल कायमचं नसतं. वर्ष सरता सरता डावा गालही उतरला. खड्डे परत आले, दोन्हीकडं सारखे. कुरकुंभच्या कंपनीत मी हेच तोंड घेऊन पॅकिंगला उभी राहिले. आजही हेच आहे.

कधी इलाज करायचा झाला तर मी करीन, माझ्या मनानं. नाहीतर करणार नाही. पण मला न विचारता माझ्या तोंडाकडं हात आला, मग तो डॉक्टरचा असो की चेअरमनच्या बायकोचा, तर मी तो मोडणार. त्या दिवशी बांगड्यांवर थांबले. आता हाडापर्यंत जाईन.