बायकोचे डोळे उघडायला लातूरला

कंधारच्या स्टँडवरून लातूरची गाडी सुटली तेव्हा बायको माझ्या मांडीवर होती. म्हणजे तिचा फोटो, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, काच हाय का त्याला? फुटली तर आमच्यावर न्हाई."

"काच अजून लावली न्हाई. माणूसच गेलं रे, काचेचं काय घेऊन बसलास."

सरूनं जिवंतपणी फोटो काढू दिला नाही. म्हणायची, फोटोनं आयुष्य घटतं. फोटो न काढताही ते घटलंच. ती गेल्यावर पोरानं फोटोवाला बोलावला. आमच्याकडं रीतच आहे. मेलेल्या माणसाला भिंतीला टेकवून बसवायचं, फोटो काढायचा आणि मग पेंटरकडून मिटलेल्या पापण्यांवर रंगानं डोळे उघडून घ्यायचे. मिटल्या डोळ्यांचं माणूस भिंतीला लावत नाहीत.

मी स्वतः पेंटर आहे, पण अक्षरांचा. माझी शाळा चौथीतच सुटली, तरी कंधारातली निम्मी दुकानं माझ्या पाट्यांखाली चालतात. चेहरा आला की मात्र माझा हात लाकूड होतो. म्हणून लातूरचे रशीद उस्ताद. पोरवयात उरुसात मी त्यांनी रंगवलेला नाटक कंपनीचा पडदा पाहिला होता. पडद्यावर नदी होती, आणि पुढच्या रांगेतली माणसं पाय वर घेऊन बसली होती. पडद्याच्या कोपऱ्यातली त्यांची सही मी घरी कोळशानं भिंतीवर गिरवत राहिलो, आईनं मारेपर्यंत. एवढ्या वर्षांत त्यांना भेटायला गेलो नाही, कारण नेण्यासारखं काम हातात नव्हतं. आता मिळालं.

लोहा मागं पडलं, तशी रानं बोडकी दिसायला लागली. बैल नुसतेच उभे होते, कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नसावं. माळाकोळीच्या पुढं नांदेड जिल्हा संपतो आणि नवा कोरा लातूर जिल्हा लागतो. दुष्काळाला हे कुणी कळवलं नव्हतं. तो आपला तसाच गाडीबरोबर पुढं येत राहिला.

चाकूरला गाडी थांबली. हॉटेलात चहा मागितला तर मालकानं भजी पुढं ठेवली.

"चहाला पानी लागतं बाबा. भज्याला तेल लागतं. तेल हाय."

"आन् पीठ कशात कालवलं?"

"खाऊन घ्या. लई इचारू नगा."

विचारलं नाही. भजी चांगली होती.

लातूर म्हणजे पाट्यांचं गाव झालं होतं. जिल्हा झाला की पाणी नंतर येतं, पाट्या आधी येतात. एका खोलीवर तीन कचेऱ्यांच्या पाट्या होत्या, आत एक खुर्ची, तीही रिकामी. जिल्हा फुटण्याआधीच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद खरवडून तिथं लातूर लिहिलं होतं. उस्मानाबादाची जागा केवढी, लातूर केवढं! मधल्या पोकळीत एखाद्या साहेबाचं बिऱ्हाड बसलं असतं. लिहिणाऱ्यानं जागा मोजलीच नव्हती. असल्यांना काम मिळतं आणि मी कंधारात बसून आहे.

उस्तादांचं दुकान गंजगोलाईच्या बाजारामागं, बोळात. आत भिंतीला मेलेली माणसं ओळीनं टेकवलेली: मिशीवाला पाटील, टकले मास्तर, नऊवारीतली आजी. सगळ्यांना तेच मोठे, पाणीदार डोळे. उस्ताद वाळून काटकी झाले होते, पण हात स्थिर होता.

मी पाया पडलो आणि तोंडातून जे निघायचं ते निघालंच. "उस्ताद, ही सगळी एका आईची लेकरं काय?"

"हौ," ते हसले. "डोळ्यापुरती माझी. आजवर कुणी फोटो परत आणून दिला न्हाई. तू कोन?"

"कंधारचा पेंटर. पाट्या करतो."

"तरीच तोंड वाकडं. दाखव."

मी फडकं सोडलं. त्यांनी सरूकडं बराच वेळ पाहिलं. "डोळे कसे होते बाईचे?"

"उजवा काळाभोर. डाव्यात फूल होतं," म्हणजे बुबुळावर पांढरा डाग. "लहानपणी देवी आल्या, तेव्हापासून."

"फूल आपण काढत नसतो. मय्यतीला ऐब देत न्हाईत, मेल्या माणसात व्यंग ठेवत न्हाईत. तिकडं गेल्यावर सगळं दुरुस्त होतं."

"तिकडचं मला काय ठावं, उस्ताद? मी इकडं राहतो."

उस्तादांनी कुंचला उचलला. तो हात पाहायलाच मी जन्मलो होतो असं वाटलं. एकेक पापणी श्वास रोखून ओढली. बघता बघता डोळे उघडले. फार सुंदर डोळे. बाई माझ्याकडं बघत होती, पण मला ओळखत नव्हती. सरू जन्मभर मला शिव्या घालत आली. हे डोळे असलेली बाई कुणाला काय शिवी देणार?

उस्ताद सही करायला वाकले.

"थांबा. कुंचला द्या."

"काय को? कशाला?"

"द्या तर."

त्यांनी दिला. मी पांढरा रंग टोकावर घेतला. अक्षरांवर हजारो टिंबं दिली असतील, पण हे देण्याआधी टोक दोनदा पुसून पुन्हा रंगात बुडवलं. डाव्या बुबुळावर, जरा खालच्या अंगाला, टेकवलं. उस्तादांच्या कामावर, उस्तादांसमोर.

बोळातून टँकरमागं धावणाऱ्या बायकांच्या घागरी वाजत गेल्या. उस्तादांनी फोटो दाराच्या उजेडात धरला.

"बिघडवलास."

"हौ."

"आता कोनतरी दिसते मात्र."

"मग करा सही."

"नक्को. लोक म्हणतील, रशीदला दिसत न्हाई. तू कर."

"मी पाट्यावाला. पाटीवर पेंटरचं नाव नसतं."

तेव्हा फोटो बिनसहीचाच राहिला. ज्या सहीसाठी मार खाल्ला, ती मी स्वतःच्या हातानं घालवली. असली अक्कल चौथीपर्यंत शिकूनही येते.

रंग ओला होता, म्हणून परतीला फडकं टाकता आलं नाही. सरूला छातीशी उघडीच धरून बसलो. बाकावरच्या म्हातारीनं निरखून पाहिलं. "डोळ्याला काय झालतं हो मालकीणबाईच्या?"

"काही न्हाई. तिला सगळं दिसायचं. तीच तर पंचाईत व्हती."

म्हातारी खूश झाली. तिनं मला शेंगा दिल्या.

गावात लोक विचारतात, लातूर कसं आहे? मी सांगतो, पाट्या बघायला जा, पाणी घरून न्या, आणि मोठ्या कलावंताला भेटायचंच असेल तर आपलं माणूस त्याच्या भरवशावर सोडू नका.

फोटो मी आल्या आल्या ओसरीवर लावला. सासू गेल्यापासून सून घरात उघड्या डोक्यानं वावरायची. मी काही बोलत नव्हतो, माझं ऐकतं कोण? ती चहा घेऊन बाहेर आली, तिची नजर भिंतीवर गेली. तिनं कप घाईनं खाली टेकवला आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

सरू गेली तेव्हा मला रडू आलं नव्हतं. लोकांनी नावं ठेवली होती. ते सुनेनं पदर ओढला तेव्हा आलं.