नखावरची जुनी शाई

लोकसभेच्या पोटनिवडणुकीला मतदान करायला गेलो. शाई लावणाऱ्या बाईंनी माझी तर्जनी धरली आणि त्या हसल्या. नखाच्या टोकाला मागच्या मतदानाची शाई अजून होती. "काका, मधलं बोट द्या. या वेळी तिथंच लावायचीय."

नख वाढतं तशी शाई वर सरकत जाते आणि एक दिवस नेलकटरखाली येते. आमच्या खासदारांना तेवढाही धीर निघाला नाही. निवडून आले, राजीनामा दिला, पक्ष बदलला, आणि आता सोडलेल्या त्याच खुर्चीसाठी पुन्हा हात जोडून दारात. मत माझं होतं. टाकून देताना मला कुणी विचारलंही नाही.

मशीनवर त्यांचा तोच हसरा फोटो होता, चिन्ह तेवढं नवं. मी दुसऱ्याच नावापुढचं बटण दाबलं, रागानं जरा जोरातच. मशीनला काय त्याचं! ते नेहमीसारखंच वाजलं.

घरी आल्यावर बायकोनं माझा हात उलटा धरून शेजारशेजारची दोन्ही नखं निरखून पाहिली.

"बाकीची बोटं जपून ठेवा," ती म्हणाली. "लागतील."