खालचा चौकोन

स्टुटगार्टला श्यामरावांच्या कंपनीत दर जूनमध्ये एक फॉर्म येतो. वरच्या चौकोनात लिहायचं, इथे काय आवडतं. खालच्यात, काय आवडत नाही. श्यामराव म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, मालिनीचे यजमान. गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितात. अकरा वर्षं ते वर एकच वाक्य लिहीत आले: 'कुणी खासगी विचारत नाही.' आणि खाली, 'मशीनची कॉफी.'

वरचं वाक्य अगदी मनापासून होतं. पुण्याच्या ऑफिसात, लग्नाला सहा वर्षं झाली तरी पाळणा का हलत नाही, हे चहावाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांनी विचारून झालं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची मानणाऱ्या माणसाला ही कंपनी माहेरासारखी वाटली.

यंदा एप्रिलमध्ये कराडला त्यांचे वडील वारले. आई-वडिलांच्या मृत्यूसाठी कंपनीत वेगळी रजा मिळते, पण कारण लिहावं लागतं. श्यामरावांनी साधी वार्षिक रजा टाकली. हा हट्ट मला तेव्हाही पटला नव्हता. दोन मिनिटांत रजा मंजूर झाली. दहाव्याला त्यांनी डोकं भादरलं, तेरावा उरकला आणि परतून सोमवारी एस-बान लोकलने कामावर हजर झाले. डोळ्यांत टिपूस नव्हतं. आत काही हलतच नाही, असं ते मालिनीला म्हणाले आणि पालकाची जुडी निवडायला बसले.

त्यांचं तुळतुळीत डोकं पाहून टीममधल्या सहाही जणांनी गुड मॉर्निंग केलं आणि नजरा स्क्रीनकडे वळवल्या. मग एकेक काम हातातून जायला लागलं. आधी सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीचा मोठा रिलीज गेला, मग सकाळची मीटिंग. कुणीतरी टेबलावर छोटं रोपटं आणून ठेवलं. श्यामरावांनी अर्थ काढला, आपल्याला काढणार. पन्नाशीला आलेला माणूस, घराचं भाडं, मालिनीचा अर्धवट राहिलेला जर्मनचा कोर्स. तरी त्यांना भीतीसुद्धा धड वाटेना, याचाच मला राग यायचा.

जूनमध्ये बॉसने, कातरीनने, त्यांना खोलीत बोलावून दार लावलं. ती हळू आवाजात सांगू लागली, की तासही कमी करता येतील, डॉक्टरकडे जाणं आधी, आणि कुणाला काही सांगायची सक्ती नाही. श्यामरावांना उमजायला बराच वेळ लागला.

"मला कॅन्सर नाही," ते म्हणाले. "माझे वडील वारले. आमच्यात मुलगा डोकं भादरतो."

"गॉट साय डांक," कातरीन बोलून गेली. देवाची कृपा. मग ती लालबुंद झाली आणि दोनदा माफी मागितली. श्यामराव म्हणाले, काही हरकत नाही. त्यांना खरंच काही लागलं नव्हतं, हेच वाईट.

दुपारपर्यंत रिलीज परत आला. सहाही जण एकामागून एक येऊन हात हातात घेऊन गेले. वडील काय करायचे, हे मात्र कुणी विचारलं नाही. ते चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवायचे.

संध्याकाळी श्यामरावांनी फॉर्म उघडला. वरचं वाक्य उचलून त्यांनी खाली ठेवलं. वर काय लिहावं ते सुचेना, आणि रिकामा चौकोन फॉर्म घेत नाही. शेवटी त्यांनी तिथे लिहिलं, 'मशीनची कॉफी.'