कायदा नाही, एवढंच सांगितलं

मी पत्रकांवर वाढले. बाबा कामगार संघटनेचे. आमच्या डब्यातल्या पोळ्यासुद्धा उरलेल्या पत्रकांत गुंडाळलेल्या असत. त्यामुळे डब्लिनमध्ये सायकलवर हेल्मेटची सक्ती करा अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा मी विरोधात पत्रक लिहिलंच. आधी रस्ते सुधारा. सक्ती केली की लोक सायकल सोडतात, आणि दोष जखमी माणसाच्याच माथी मारला जातो. हे मला आजही पटतं.

त्याच सुमारास मामेभाऊ पुण्याहून माझ्याकडे राहायला आला. शहराच्या टोकाला, चेरीवूडमधल्या एका कंपनीत नोकरी लागली होती. मामीनं त्याच्या बॅगेत सायकलचं हेल्मेट घातलं होतं. सुरुवातीला तो ते घालायचा, कुरकुरत.

"ताई, इथे पावती किती फाडतात?"

"पावती कसली? कायदाच नाही."

"काय सांगतेस! मग मी येड्यासारखा घालून फिरतोय होय?"

मी हसले. वर त्याला माझं पत्रक वाचायला दिलं. हेल्मेट कपाटावर गेलं.

पुण्यात आम्ही दोघंही स्कूटरवर हेल्मेट कोपरात अडकवून जायचो; चौकात पोलीस दिसला की डोक्यावर. हेल्मेट पोलिसासाठी असतं, हे आमच्या अंगात मुरलेलं. मला ते ठाऊक होतं. तरी 'पण तू घाल' एवढं मी म्हटलं नाही. पत्रकातही लिहिलं नव्हतं, मुद्दा पातळ होईल म्हणून.

नोव्हेंबरात ओल्या पानांवरून त्याचं चाक घसरलं आणि डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. ना गाडी होती, ना खड्डा. जिच्याविरुद्ध पत्रक काढावं अशी एकही गोष्ट तिथे नव्हती.

तो वाचला. नर्स रोज म्हणायची, होईल ग्रँड; इथे ग्रँड म्हणजे ठीकठाक. पण सकाळचं त्याला दुपारी आठवत नाही. मामी त्याला न्यायला आली. सामान भरताना तिनं कपाटावरून हेल्मेट काढलं, धूळ पुसली.

"अगं, हे नवंकोरं राहिलं की. इथे सक्ती नाही का?"

"नाही, मामी."

"मग लेकराची काय चूक?"

मी सांगायला तोंड उघडलं. पलंगावरून त्याची नजर हेल्मेटवर गेली.

"ताई, इथे पावती किती फाडतात?"

"खूप," मी म्हणाले. "खूप फाडतात रे."

मामी माझ्याकडे बघत राहिली.