टर्बोचा पाइप

आईचं डायलिसिस पनवेलला. पळसदरीहून एक दिवसाआड खेप, आणि न्यायला माझी जुनी टर्बो डिझेल गाडी. नेमकी तीच दगा द्यायला लागली. स्टार्ट व्हायची झकास. पण चौक गाव सोडलं आणि ट्रक ओलांडायला पाय दाबला, की गचके, मागे काळा धूर आणि पुढे सरकायचं नाव नाही. मागचा टँकरवाला शिव्या घालायचा, मी त्याला त्याहून मोठ्या घालायचो.

आई शेजारी जीव मुठीत धरून बसायची. "माघारी फिरव रं. वाटंत बंद पडली म्हंजी?" एकदा खरंच फिरलो. पुढच्या खेपेला ती घरातूनच निघेना. खेपा चुकल्या तर छातीत पाणी साठेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माझं डोकंच फिरलं. गाडी नीट झाली की आई येईल, एवढंच कळत होतं.

खोपोलीच्या गॅरेजवाल्यानं डिझेल फिल्टर बदलला, हवेचा सेन्सर साफ केला. काडीचा फरक नाही. शेवटी अंगणात मीच बोनेट उघडलं आणि थोरल्या भावाला रेस द्यायला बसवलं. टर्बोकडून इंजिनाला हवा नेणारा रबरी पाइप फुसफुसत होता. हात घातला तर त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळलेली!

"मीच बांधलीय," भाऊ आतून ऐटीत म्हणाला. "चीर दिसली व्हती. घट हाय ना?"

शेतातल्या पंपाचा पाइप चिरला की आमच्याकडे हाच इलाज. इथं तेलानं पट्टी लिबलिबीत झाली होती. जोर आला की चीर उघडायची आणि हवा बाहेर. "अरे बाबा, हा काय भाताला पाणी द्यायचा पंप हाय?" मी खेकसलो. मग दोघंही हसलो, कितीतरी दिवसांनी.

नवा पाइप घातला. लोधिवलीपर्यंत एकटाच जाऊन आलो, गाडी सुसाट. इंजिन चालू ठेवूनच घरात धावलो. "आई, चल! आता गचका नाय, काय नाय."

ती सुजलेले पाय सोडून पलंगावर बसली होती.

"गाडीचं निस्तं निमित्त व्हतं रं," ती म्हणाली. "मलाच नाय जायचं आता. लय झाल्या सुया."

मी भांडलो, पाया पडलो, लहान पोरासारखा रडलो. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"जा," ती म्हणाली, "गाडी बंद कर. उगाच डिझेल जळतंय."