हत्तीमामांचा भोंगा

हत्तीमामा अंगाने काडीसारखे होते, पण 'मोठं' हा साधा शब्द त्यांच्या तोंडी कधी यायचाच नाही. सगळं हत्ती. लातूरच्या गल्ल्यांतून त्यांची भोंगा लावलेली रिक्षा फिरायची आणि हत्ती सेल, हत्ती सभा, हत्ती कुस्त्या असं काय काय कानावर पडायचं. घरी आले की हत्ती भूक लागलेली असायची. मी शेजारीच राहायचे, त्यामुळे मला ती भिंतीपलीकडूनही कळायची.

दुकानदार मजकूर लिहून द्यायचे, मामा हत्ती आपल्या पदरचा घालायचे. औशाच्या बाजारातल्या बैलांनाही त्यांनी एकदा हत्ती बैल करून टाकलं. मी हसले, तर म्हणाले, "बाई, लोक आकडा इसरतेत. हत्ती कुणी इसरत न्हाई."

भूकंप झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना भोंगा घेऊन किल्लारीला बोलावलं. जेवण कुठे मिळेल, डॉक्टर कुठे बसलेत, एवढंच गावभर सांगायचं होतं. आधी मामांनी ते नीट सांगितलं. मग धान्याचे आणि ब्लँकेटांचे ट्रक आले, आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, हत्ती मदत आली हो, हत्ती मदत. सूरही तोच, सेलचा. दगडांच्या ढिगाजवळ बसलेली एक म्हातारी उठून रिक्षापाशी आली. ती चिडली नव्हती.

"लेकरा, आमच्या भिंती बी हत्तीएवढ्या व्हत्या," ती म्हणाली. "लई मिरवायचो आमी. त्याच पडल्या अंगावर."

मामांनी भोंगा बंद केला. उरलेला निरोप त्यांनी पायी फिरून, एकेकाच्या जवळ बसून सांगितला. हे सगळं त्यांनी मला पुढे पुष्कळ दिवसांनी सांगितलं, तेही खाली बघत. परतले त्या दिवशी मामींनी ताट वाढलं, तर नुसतं भूक न्हाई म्हणाले. हत्ती हा शब्द मग त्यांच्या घरातून कधी ऐकू आला नाही.

मग क्लासेसचे दिवस आले. पार नायगावपासूनची पोरं ट्रंका घेऊन लातुरात उतरायला लागली आणि मीही एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवू लागले. आमच्या मालकांनी मामांना जाहिरात दिली, 'जंबो बॅच'. जंबो म्हणजे काय, असं मामांनी मला विचारलं. मी आपली उत्साहाने सांगत बसले की परदेशात त्या नावाचा एक अवाढव्य हत्ती होता, त्याच्यावरून कुठल्याही मोठ्या गोष्टीला जंबो म्हणायला लागले. मामांचा चेहरा उतरला.

"म्हंजे तोच की," ते म्हणाले. "दुसरं नाव लावून आलाय."

दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीने भोंगा ऐकला. एका हॉलमध्ये तीनशे पोरं बसणार आहेत, ज्याला चालेल त्याने यावं, असं मामा शांतपणे सांगत चालले होते. मालक भडकले. ते काम गेलं, आणि ही गोष्ट कळल्यावर बाकीच्या क्लासवाल्यांनीही मामांना टाळलं. इतरांच्या रिक्षांवर जाहिरातींच्या कॅसेटी वाजायला लागल्या आणि मामांची रिक्षा दारातच उभी दिसू लागली. मी मात्र त्या तीनशे पोरांना शिकवत राहिले. नोकरी हवी होती. आजही 'जंबो बॅच'च्या पाटीखालून आत शिरताना माझी मान वर होत नाही.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. जायच्या आदल्या वर्षी ते एकदा रिक्षा घेऊन भूकंपानंतर वसवलेल्या नव्या किल्लारीला गेले होते. त्या म्हातारीची माफी मागायची होती. एकसारख्या घरांच्या ओळी, त्यात ते दिवसभर हिंडले आणि तसेच परत आले. मी म्हटलं, मामा, भोंगा होता ना जवळ, हाक मारायची. ते ओट्यावर बसून चपलेचा तुटका अंगठा नीट करत राहिले.

"हाकंला नाव लागतंय, बाई," ते म्हणाले. "एवढा भोंगा घेऊन गेलो व्हतो त्या दिवशी, पण तिचं नाव न्हाई इचारलं."